पाच महिन्यांचं अंतर

सासू : काय पडलं गं?

सून : झाकण असेल. हळू बोला ना आई, आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा.

सासू : झाकण काय आपल्या पायांनी चालत येऊन पडतं? मांजर शिरलं असणार. गॅलरीचं दार पुन्हा नुसतं लोटून ठेवलंस तू.

सून : कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात हा रडला.

सासू : रडेल नाही तर काय! सकाळपासून एका मांडीवर पोर आणि दुसऱ्या मांडीवर ते कागद. धड दूधसुद्धा ओढलं नाही त्याने. आईचं चित्त थाऱ्यावर नसलं की पोराला आधी कळतं. काय आहे एवढं त्या दोन कार्डांत?

सून : काही नाही.

सासू : 'काही नाही' म्हणणाऱ्या बायका मी तीस वर्षं बघितल्यात. बाळंतिणींच्या वॉर्डात आया होते मी. कळा सुरू झालेली बाईसुद्धा आधी 'काही नाही' म्हणायची आणि मग जिन्यातच बाळंत व्हायची. बोल.

सून : माझ्या हातून चूक झालीय, आई. मोठी.

सासू : त्या रस्त्यावरच्या पोरांच्या केंद्रात?

सून : हो. भिंगरी आणि गोटी आठवतात ना तुम्हाला?

सासू : न आठवून कसं चालेल? केंद्रात पाणी नव्हतं म्हणून तू आपल्या न्हाणीत आणून त्यांची डोकी धुतलीस आणि पुढे महिनाभर मी माझ्या डोक्यात उवा शोधत बसले. त्याच ना?

सून : त्याच. बसस्थानकाच्या जिन्याखाली राहतात. दिवसा आमच्याकडे, रात्री तिथे. आज दुपारी दोन वाजता बालकल्याण समिती बसणार आहे, त्यांना कुठे ठेवायचं ते ठरवायला. सख्ख्या बहिणी असल्या तर एकत्र ठेवतात, तसं एक घर आहे. नसल्या तर वयाप्रमाणे. भिंगरी इथल्या मुलींच्या वसतिगृहात आणि गोटी लहान मुलांच्या गृहात. ते गृह दुसऱ्या शहरात आहे, आई. अख्ख्या दिवसाचा प्रवास.

सासू : मग आहेतच की बहिणी. सांग तसं.

सून : काल समितीच्या बाई तपासणीला आल्या होत्या. त्यांनी ही दोन कार्डं शेजारी शेजारी ठेवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला विचारलं, 'या दोघींच्या जन्मतारखांत पाच महिन्यांचं अंतर आहे. एका आईला पाच महिन्यांत दोन मुलं होतात का हो?'

सासू : पाच महिने! मला एकासाठी नऊ महिने आणि वर बारा दिवस लागले. तुझा नवरा काही केल्या बाहेर यायला तयार नव्हता. अजून न्हाणीतून लवकर बाहेर येत नाही मेला.

सून : आई, हसू नका ना.

सासू : हसत नाहीये. कोणत्या शहाण्याने लिहिलं हे?

सून : मी.

सासू : तू?

सून : अहो, या पोरांना जन्मतारीख कुठे माहीत असते? पण कार्डावर रकाना असतो. तो मोकळा राहिला की शाळा नाव घालत नाही, दवाखाना लस देत नाही. म्हणून मी पहिल्यापासून एक पद्धत पाडली. पोर ज्या दिवशी पहिल्यांदा केंद्रात पाऊल टाकतं, ती त्याची जन्मतारीख. दर वर्षी त्या तारखेला आम्ही मेणबत्ती लावतो, टाळ्या वाजवतो. किती खूश होतात माहितीये? एक पोरगा तर मेणबत्ती विझवायलाच तयार नव्हता.

सासू : आणि वर्ष? ते कुठून आणतेस?

सून : दात बघून.

सासू : घोड्यासारखं.

सून : घोड्यासारखं. भिंगरी आली जूनमध्ये. असेल आठ-नऊ वर्षांची, पण एक अक्षर येत नव्हतं. खरं वय लिहिलं असतं तर तिला तिसरीत बसवलं असतं. पोरं हसली असती आणि आठ दिवसांत ती पळाली असती. म्हणून मी तिला सहाची केली, पहिलीत घातली. मग नोव्हेंबरात ती गोटीला घेऊन आली. गोटी जेमतेम चारची असेल. आमच्याकडे सहाच्या आतलं मूल घेत नाहीत, सांभाळायला माणूस नाही. परत कुठे पाठवायची? म्हणून तिलाही ढकलून सहाची केली.

सासू : म्हणजे एकीला ओढून खाली आणलंस, दुसरीला ढकलून वर नेलंस आणि मधे पाच महिने उरले.

सून : हो.

सासू : दोन्ही कार्डं एकदा शेजारी ठेवून बघायची तरी.

सून : एकेक कार्ड एकेका पोराकडे बघून लिहिलं, आई. दोन्ही एकत्र कधी बघितलीच नाहीत.

सासू : मग जा आणि सांग खरं. म्हणावं, तारखा माझ्या मनच्या.

सून : एवढं सोपं असतं तर रात्री झोप लागली असती. त्रेचाळीस कार्डं आहेत माझ्या हातची! दोन खोटी म्हटली की त्रेचाळीस खोटी झाली. एकवीस पोरं शाळेत जातात त्या कार्डांवर. उद्या शाळेने दारात उभं केलं नाही तर? माझी नोकरी तर जाईलच. पण ती पोरं...

सासू : थांब जरा. ऐकलंस का?

सून : काय?

सासू : शिंकलं कोणीतरी. स्वयंपाकघरात. मांजराला एवढी मोठी शिंक येत नाही.

सून : हा घ्या याला, मी बघते... अगं बाई! भिंगरी!

भिंगरी : ओरडू नकोस ताई, बाळ उठेल.

सासू : कोण आहे?

सून : दोघी आहेत. ओट्याखाली, पडद्याच्या मागे. भिंगरी, तू इथे कशी? आत कशी आलीस?

भिंगरी : मागच्या जिन्याने. दार उघडंच होतं. झाकण मी नाही पाडलं, हिने पाडलं. हिला पाणी हवं होतं. मी सांगत होते, थांब म्हणून.

सासू : अगं बाहेर तरी काढ त्यांना. ये गं तू, गोल डोक्याची. ये. पाणी पी. हळू... उचकी लागेल. कधीपासून बसलात तिथे?

भिंगरी : तुम्ही बाळाला झोपवत होतात तेव्हापासून.

सून : म्हणजे सगळं ऐकलंस.

भिंगरी : कालच ऐकलं होतं. त्या चष्म्याच्या बाई बोलत होत्या तेव्हा मी खिडकीखालीच होते. लहानीला दुसरीकडे पाठवा म्हणाल्या. ताई, आज एक दिवस आम्हाला इथे राहू दे. समिती उठली की आम्ही जातो. आवाज करणार नाही. ही शिंकते, पण मी तिचं नाक धरून ठेवीन.

सून : अगं, तुम्ही हजर नसलात तर 'पळाल्या' असा शेरा पडेल. मग पोलीस शोधतात. सापडलात की एकत्र राहायचा प्रश्नच उरत नाही.

भिंगरी : सापडणारच नाही. मला जागा माहितीयेत.

सासू : हिला बिस्किटं देऊ का? ही पोर माझ्या पदराकडे बघतेय की डब्याकडे, तेच कळेना.

भिंगरी : दोनच दे आजी. जास्त खाल्लं की झोपते मग उचलावं लागतं.

(टेबलावरचा फोन वाजतो.)

सून : केंद्राच्या मॅडमचा आहे. कोणी बोलू नका... हं, मॅडम... हो, कार्डं माझ्याकडेच आहेत... काय? एक वाजता? पण दोन ठरले होते... हो... हो... कोण नाही आल्या? ...मॅडम, एक मिनिट. ...आहेत. माझ्याकडे आहेत. हो, दोघीही. माझ्या घरी... नाही, मी नाही आणल्या, त्याच आल्या... हो. घेऊन येते. एकच्या आत.

भिंगरी : सांगितलंस!

सून : भिंगरी, ऐक...

भिंगरी : सांगून टाकलंस! माझ्यासमोर! तू म्हणायचीस, केंद्रात काही झालं तर माझ्याकडे यायचं. म्हणून आले ना? गोटी, ऊठ. चप्पल घाल.

सासू : कुठे निघालीस गं फणकाऱ्याने? तिने बिस्किट तोंडात घातलंय, गिळू तर दे.

सून : भिंगरी, माझ्याकडे बघ. मी आज त्यांना सगळं खरं सांगणार आहे. तारखा मी लिहिल्या, चूक माझी. वाटल्यास हाडं तपासा म्हणणार, त्यावरून वयाचा अंदाज येतो. भिंगरी नऊची, गोटी चारची. मग पाच महिन्यांचा प्रश्नच राहत नाही. तुम्ही दोघी एकत्र जाल.

भिंगरी : मग तुला काढून टाकतील.

सून : टाकू देत.

सासू : टाकू देत म्हणे! घरात विचारलंस का कोणाला? ...बरं, राहू दे. ते आपण नंतर भांडू. आता वाजले किती?

सून : पावणेबारा. भिंगरी, बस इथे. पाचच मिनिटं. त्या बाई तुला काही गोष्टी विचारतील, म्हणजे बहिणी आहात याची खात्री व्हावी म्हणून. घाबरायचं नाही, आठवेल ते सांगायचं. तुझी आई कशी होती?

भिंगरी : कार्डावर लिहिलंय की. आई वारली.

सून : ते झालं गं. दिसायला कशी होती?

भिंगरी : निळा स्वेटर होता तिचा. खोकायची. मला उजव्या बाजूला झोपवायची.

सून : आणि गोटी कुठे झोपायची?

भिंगरी : गोटी... ती डाव्या बाजूला.

सून : छान. गोटी झाली तेव्हा तू कुठे होतीस? त्या हे नक्की विचारतील.

भिंगरी : तिथेच होते. रात्र होती. आई ओरडत होती. मग गोटी झाली. मग आईने तिला माझ्याकडे दिलं.

सासू : तुझ्याकडेच दिलं का? धुतलेलं होतं बाळ?

भिंगरी : हो आजी, एकदम स्वच्छ. टॉवेलमध्ये गुंडाळून.

सासू : नाळ कोणी कापली?

भिंगरी : काय कापलं?

सासू : नाळ.

भिंगरी : नाळ म्हणजे?

सून : आई, ती लहान होती हो. कसं आठवणार?

सासू : मी काही बोलत नाहीये. तू तयारी कर. बाळाचं दूध काढून ठेव, मी त्याला ठेवून घेते. आणि ही बघ, पेंगायला लागली. सांगितलं होतं ना हिने, जास्त खाल्लं की झोपते. तिसरं मीच दिलं. टेकव तिला बाळाशेजारी.

सून : आई, काय आहे तुमच्या मनात? तोंडावर दिसतंय.

सासू : हे बघ, मी डॉक्टर नाही. पण तीस वर्षं रोज पाच-पाच, सहा-सहा बाळं न्हाऊ घातलीत. बहिणी-बहिणींत काही ना काही सारखं असतं. कान म्हण, पायाची बोटं म्हण, कपाळावरचा भोवरा म्हण. या दोघींत मला काहीच दिसत नाही. नसेलही, असं असतं कधी कधी. पण बाळंतपण बघितलेली पोर नाळ विसरत नाही. नाव माहीत नसेल, पण ते दोरीसारखं काय होतं, ते कापलं, हे ती सांगतेच. आणि नुकतंच झालेलं बाळ कधी स्वच्छ नसतं गं भिंगरी.

भिंगरी : मला बाहेर जायचंय.

सून : भिंगरी?

भिंगरी : उन्हात जायचंय. इथे गरम होतंय.

सासू : तुला कोणी मारणार नाहीये, बाळा. मी फक्त विचारतेय. ती झोपलीय, ऐकत नाहीये.

भिंगरी : झोपलीय ना नक्की? ...तिचं तोंड उघडं आहे, म्हणजे झोपलीय.

सून : सांग.

भिंगरी : तिकिटाच्या खिडकीमागे बाक आहे. तिथे एक बाई बसली होती, हिला घेऊन. मी शेजारी बसले होते. ती म्हणाली, जरा बघ हिला, मी पाणी भरून आणते. बाटली होती तिच्या हातात.

सून : आणि?

भिंगरी : आणि काय. आली नाही.

सून : कधीची गोष्ट ही?

भिंगरी : थंडी होती. मग गेली. मग आणखी दोनदा येऊन गेली.

सासू : तेव्हा ही चालायची?

भिंगरी : थोडी थोडी. पडत-धडपडत. मी कुठेच नाही गेले, आजी. तीन दिवस त्याच बाकावर बसले. मोजे विकणारी म्हातारी पाव द्यायची. मग झाडूवाल्याने उठवलं. विचारलं, कोण ही? मी म्हटलं, बहीण.

सून : तू मला पाच महिने सांगितलंच नाहीस तिच्याबद्दल. एकटीच यायचीस.

भिंगरी : तुमच्याकडे लहान घेत नव्हते ना. मी आल्या आल्या विचारलं होतं, बारकं पोर चालतं का? ते रखवालदार काका म्हणाले, नाही. मग दिवसा ती म्हातारीकडे असायची. म्हातारी गावी निघून गेली, तेव्हा आणली. आणि तू म्हणालीस, ही कोण गं? मी म्हटलं, बहीण. तू लगेच लिहिलंस. काहीच विचारलं नाहीस.

सून : नाही. काहीच विचारलं नाही.

सासू : रडू नकोस आता तू. एक रडायला लागलं की ही दोघं उठतील.

सून : आई, मी काय करू? मी समजत होते, वयं खोटी आहेत पण बहिणी खऱ्या आहेत. इथे उलटंच झालं. त्या बाई म्हणतात ते खरं निघालं.

सासू : उलटं काय नि सुलटं काय! दोन वर्षं त्या पोरीने तिला चारलंय, निजवलंय. सख्ख्या बहिणी नवऱ्याच्या घरी गेल्यावर एकमेकींना ओळख देत नाहीत. सांग सख्ख्या म्हणून. ठरल्याप्रमाणे. नाळ कशी असते ते मी शिकवते हिला, दोन मिनिटांचं काम.

सून : आणि तिच्या आईचं काय?

सासू : कोणाच्या?

सून : गोटीच्या. मी आज 'सख्खी बहीण, आई मयत' म्हणून सही करून आले की तिच्या आईला कोणी शोधणारच नाही. कधीच नाही. कागदावर तिची आई मेलेली. समजा, ती बाई त्या दिवशी नळाशी चक्कर येऊन पडली असेल. कोणी उचलून नेलं असेल दवाखान्यात. शुद्धीवर येऊन तिने पहिलं काय विचारलं असेल? दोन वर्षं ती बाक-बाक शोधत फिरत असेल, आई.

सासू : आणि समजा ती पाणी भरायला गेलीच नसेल?

सून : ते मला कसं कळणार?

भिंगरी : नाही शोधत ती.

सून : तुला काय माहीत, राणी?

भिंगरी : मी तीन दिवस त्याच बाकावर होते. जागासुद्धा बदलली नाही. शोधणाऱ्याला दिसले असते.

सासू : ...तुझा फोन हलतोय बघ. आवाज बंद केलास का?

सून : मॅडम आहेत. 'निघालात का' विचारताहेत.

सासू : खरं सांगितलं तर काय होईल?

सून : गोटीला आजच घेऊन जातील. हरवलेलं मूल म्हणून. फोटो काढतील, सगळीकडे पाठवतील. तिकडच्या गृहात ठेवतील, आई सापडेपर्यंत. नाही सापडली तर... तिथेच. वाईट नसतं हो ते. स्वच्छ असतं, दूध असतं.

भिंगरी : ती माझा कान धरून झोपते. दुसऱ्याचा चालत नाही. म्हातारीने दिला होता तिचा, तर रात्रभर रडली.

सासू : मी जरा बाळाकडे बघते.

सून : बाळ झोपलंय, आई.

सासू : झोपलेल्या बाळाकडेही बघतात.

भिंगरी : ताई, मी तिला सांगितलेलं नाही. तिला वाटतं, आम्हाला एकच आई होती, निळ्या स्वेटरची. मीच सांगितलंय तिला. ती कधी कधी मला सांगते, आई अशी होती, तशी होती. मला आठवत नाही तेवढंही सांगते.

सून : ये इकडे. केस नीट करू दे. हलू नकोस... काय लागलंय हे, चिकट?

भिंगरी : च्युइंगम. राहू दे. दुखतं.

सून : राहू दे मग. आई, आम्ही निघतो. साडेबाराची बस चुकली तर पोचणार नाही. दूध काढून ठेवलंय वाटीत, झाकून. चमच्याने पाजा.

सासू : पाजते. मला शिकवू नकोस. तिला उचलू नकोस झटक्यात, दचकेल. मानेखाली हात घाल. हां, असं. ...काय सांगणार आहेस?

सून : बसमध्ये विचार करते.

सासू : बसमध्ये एवढा मोठा विचार मावतो का?

सून : मावेल तेवढा करते. भिंगरी, चप्पल उलटी घातलीस. बदल. जिना जपून उतर.

भिंगरी : मला दे तिला. मी नेते.

सून : जड आहे गं, मी घेते खालपर्यंत.

भिंगरी : रोज मीच घेते. ...ताई.

सून : काय?

भिंगरी : त्या बाई मला एकटीला आत बोलावणार ना? तू बाहेर असशील.

सून : हो. तसाच नियम आहे.

भिंगरी : त्या विचारतील, ही तुझी कोण? मग मी काय सांगू?